मागे राहिलेल्या स्वाराची जबाबदारी : एका साप्ताहिक सायकलफेरीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे टिपण एका मोठ्या निवासी वस्तीतील सायकलस्वारांच्या गटाविषयी आहे. ठिकाण, व्यक्ती आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. घटनांचा क्रम, घेतलेले निर्णय आणि त्यांमागची कारणे मात्र तशीच ठेवली आहेत.

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी पहाटे काही शेजाऱ्यांनी एकत्र सायकल चालवायला सुरुवात केली, तेव्हा गट स्थापन करण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. वस्तीतल्या मैदानापाशी जमायचे, जुन्या भागातील अरुंद गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागायचे, गर्दी सुरू होण्याआधी वीस-पंचवीस किलोमीटर फिरून परतायचे, इतकाच त्याचा आवाका होता. सभासदत्व नव्हते, वर्गणी नव्हती, नियमही नव्हते, कारण त्यांची गरज भासत नव्हती. पाच-सहा जणांच्या फेरीत एखाद्याचे पंक्चर झाले तर सगळेच थांबत. कोणी दोन आठवडे आले नाही तर तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी त्याच्या दारावर जाऊन चौकशी करत असे. एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांचे आजारपण पहिल्यांदा लक्षात आले ते याच चौकशीमुळे. वस्तीच्या जीवनात या फेरीला जी जागा मिळाली, ती व्यायामामुळे कमी आणि अशा चौकशीमुळे अधिक मिळाली, असे माझे मत आहे, आणि पुढे जे बिघडले ते समजून घेण्यासाठी हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

हळूहळू संख्या वाढली. शेजारच्या वस्त्यांतून लोक येऊ लागले. त्यांत शर्यतीच्या तयारीतले तरुण होते, अनेक वर्षांनी सायकलला हात लावणाऱ्या गृहिणी होत्या आणि वडिलांबरोबर येणारी शाळकरी मुलेही होती. गिअरच्या हलक्या सायकली आणि साध्या जड सायकली एकाच रांगेत चालू लागल्या. काही काळाने एखाद्या सकाळी चाळीसच्या आसपास स्वार जमू लागले. या वाढीचा सर्वांना आनंद होता आणि तो रास्त होता. मात्र पाच जणांच्या फेरीत जे आपोआप घडत होते, ते चाळीस जणांच्या फेरीत कोण घडवून आणणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

अडचण

दोन घटना एका महिन्याच्या आत घडल्या.

पहिल्या घटनेत नव्याने येऊ लागलेल्या एका बाईंची चेन चढावर उतरली. त्या शेवटी होत्या. ती बसवून पुढे जाईपर्यंत गट नजरेआड झाला होता. पुढच्या फाट्यावर त्यांनी चुकीचा रस्ता धरला आणि त्यांचा मोबाइल बंद पडला. विचारत-विचारत त्या उशिरा घरी पोहोचल्या. सुदैवाने इजा झाली नाही. मात्र गट परतल्यावर मैदानापाशी सगळे गप्पा मारत उभे होते आणि बाई आपल्यात नाहीत हे कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. घरून विचारणा झाली तेव्हा पुढच्यांना वाटले की त्या मागच्यांबरोबर असतील, आणि मागच्यांना वाटले की त्या लवकर वळून घरी गेल्या असतील. त्यानंतर त्या फेरीला आल्या नाहीत.

दुसरी घटना जुन्या गल्लीतली. तिथल्या रहिवाशांनी वस्तीच्या समितीकडे लेखी तक्रार दिली. पहाटेच्या शांततेत चाळीस जणांचे बोलणे, एकमेकांना दिलेल्या हाका, घंट्यांचे आवाज, घरांच्या दारांना टेकवलेल्या सायकली आणि गल्ली अडून राहिल्यामुळे वर्तमानपत्रे व दूध टाकणाऱ्यांचा होणारा खोळंबा, असे त्यात मुद्दे होते. मैदानापाशी जमण्याची परवानगी काढून घ्यावी, अशी मागणीही होती. यातील एक गोष्ट गटाला विशेष लागली. पहाटे घरोघरी वर्तमानपत्रे टाकणारी मुलेही सायकलवरच असतात. रोजच्या कामासाठी सायकल चालवणाऱ्यांची वाट सुट्टीच्या दिवशी हौसेने सायकल चालवणारे अडवत होते.

गटात सुरुवातीला या दोन घटना वेगळ्या मानल्या गेल्या. पहिलीला दुर्दैवी योग म्हटले गेले आणि दुसरीला शेजाऱ्यांची कुरकुर. माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच होते. गट इतका लांब झाला होता की त्याचे पुढचे टोक आणि मागचे टोक यांचा एकमेकांशी संबंध उरला नव्हता, आणि दोन्ही टोकांना काय घडते याची जबाबदारी कोणावरही नव्हती.

मागचा स्वार नेहमी का तुटतो

हे इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गटातील अनेकांचा समज असा होता की जो मागे पडतो त्याची ताकद कमी असते, आणि सरावाने हा प्रश्न सुटेल.

सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घेतला की सायकलस्वाराची बहुतांश ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो विरोध मोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे ताशी २० वरून २५ किलोमीटरवर जाताना वेग एक चतुर्थांशानेच वाढतो, पण हवेशी झुंजण्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. पुढच्या स्वाराच्या चाकामागे जवळ राहिले तर हा भार बराच हलका होतो. मात्र हा आडोसा जवळ असेपर्यंतच मिळतो. अंतर वाढत गेले की तो कमी होत जातो, आणि सर्वांत दमलेल्या स्वाराला सर्वांत जास्त वारा एकट्याने सोसावा लागतो.

हे अंतर बहुधा वळणावर किंवा चढावर पडते. पहिला स्वार वळणावर वेग कमी करतो, वळतो आणि पुन्हा वेग घेतो, तेव्हा शेवटचा अजून ब्रेक दाबतच असतो. तो वळून बाहेर येईपर्यंत पुढचे वेगात निघून गेलेले असतात, आणि त्यांना गाठण्यासाठी त्याला त्यांच्यापेक्षा जास्त वेगाने जावे लागते. रांग जितकी लांब, तितका हा ताण शेवटी जास्त. पुढचा स्वार मनापासून सांगतो की आपण वेग वाढवलाच नाही, आणि मागचा तितक्याच खरेपणाने सांगतो की आपल्याला प्रत्येक वळणानंतर धावावे लागले. दोघेही खरे बोलत असतात. गटातील वाद या माहितीनंतर बराच निवळला, असे मला अनेकांनी सांगितले.

लांब रांगेचा दुसरा परिणाम इतर वाहनांवर होतो. सायकल आणि तिच्यामागचे अंतर मिळून एका स्वारामागे पाच मीटर धरले, तर एकामागोमाग जाणाऱ्या चाळीस जणांची रांग २०० मीटरची होते. ताशी २० किलोमीटरने जाणारी ही रांग ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला ओलांडायची असेल, तर तिला सुमारे ३६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती स्वतः ४०० मीटर अंतर कापते. इतका मोकळा आणि समोरचे दिसेल असा सरळ रस्ता या फेरीच्या मार्गावर फारसा नव्हता. दहा जणांच्या रांगेला हीच गाडी नऊ सेकंदांत आणि १०० मीटरांत ओलांडते.

विचारात घेतलेले पर्याय

तक्रारीनंतर एक बैठक झाली. पहिला पर्याय प्रवेश मर्यादित करण्याचा होता, म्हणजे ठरावीक संख्येनंतर नावनोंदणी बंद. हा उपाय सोपा होता, पण फेरी सर्वांसाठी खुली असणे हाच तिचा प्राण आहे, असे जुन्या सदस्यांचे ठाम म्हणणे होते आणि तो मागे पडला.

दुसरा पर्याय किमान वेग ठरवण्याचा. ज्यांना तो झेपत नाही त्यांनी आधी सराव करून यावे, असे काही वेगवान स्वारांनी सुचवले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. सतत थांबत जाणाऱ्या फेरीत त्यांचा सराव होत नव्हता, आणि हिवाळ्यात घामेजल्या अंगाने थांबून राहणे कोणालाही सुखाचे नसते. परंतु हा नियम असता तर चेन उतरलेल्या बाई पहिल्याच दिवशी घरी राहिल्या असत्या आणि प्रश्न सुटल्याचा केवळ आभास निर्माण झाला असता.

तिसरा पर्याय संपूर्ण गटाने एकाच ठरलेल्या वेगाने चालण्याचा. याला इतिहास आहे. १९०४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या ऑडॅक्स फेऱ्यांत हीच पद्धत होती. सर्वांनी एकत्र निघायचे, रस्त्यावरचा कप्तान ठरवील तो सम वेग राखायचा आणि एकत्र पोहोचायचे. त्या परंपरेतील फेऱ्या आजही ताशी साडेबावीस किलोमीटरचा वेग पाळतात. त्याच देशात १९२१ पासून स्वाराने आपापल्या वेगाने जाण्याची दुसरी पद्धतही रुजली, आणि आज जगभर होणारे लांब पल्ल्याचे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या फेऱ्या, बहुतांशी तिचेच वंशज आहेत. म्हणजे सर्वांनी बरोबर राहावे की प्रत्येकाने आपल्या गतीने जावे, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. एकाच वेगाची पद्धत शिस्तबद्ध आणि साधारण सारख्या ताकदीच्या स्वारांना जमते. शाळकरी मूल आणि शर्यतीची तयारी करणारा तरुण यांना जोडणारा एकच वेग मात्र सापडत नाही.

चौकांत आपल्यातील काही जणांनी आडवे उभे राहून वाहतूक रोखावी आणि गट अखंड पुढे न्यावा, अशीही एक सूचना आली. १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या क्रिटिकल मास या सामूहिक फेऱ्यांत असे केले जाते. तिथे रस्त्यावरील सायकलस्वारांचे अस्तित्व दाखवून देणे हाच हेतू असल्याने त्या कृतीला अर्थ आहे. इथे तक्रारच वाट अडवल्याची होती. ज्यांच्या दारावरून दर आठवड्याला जायचे आहे त्यांची वाट रोखून गट टिकवणे शहाणपणाचे नव्हते, आणि बैठकीने ही सूचना चटकन बाजूला ठेवली ते योग्यच झाले.

उरला तो छोट्या तुकड्यांचा पर्याय, आणि तोच स्वीकारला गेला.

केलेली कृती

पहिला प्रयत्न फसला. स्वारांनी आपापला वेग सांगावा आणि त्यानुसार वेगवान, मध्यम व संथ अशा तुकड्या कराव्यात, असे ठरले होते. बहुतेकांनी आपला वेग प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगितला. संथ म्हणवून घेण्याचा संकोच इतका होता की त्या तुकडीत मोजकेच लोक उरले आणि मध्यम तुकडीत पुन्हा तीच लांब रांग व तेच तुटणे सुरू झाले.

यातून सुचलेला बदल मला या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाचा वाटतो. एका ज्येष्ठ सदस्येने सुचवले की वेगाची नावे काढून टाकावीत आणि वेळ समान ठेवावी. दोन तासांची फेरी सर्वांची. ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्याला दोन तासांत ३० किलोमीटर होतात, ताशी २२ ने जाणाऱ्याला ४४. म्हणून एकाच दिशेचे एक जवळचे आणि एक लांबचे असे दोन वळसे आखले गेले. निघण्याची वेळ जवळपास एक, परतीचा विसावा एक आणि पोहोचण्याची वेळही एक. जवळचा वळसा घेणारा कोणाच्या मागे राहत नाही, कारण तो दुसऱ्या मार्गावर असतो, आणि लांबचा वळसा घेणाऱ्याला कोणासाठी थांबावे लागत नाही. विसाव्याच्या ठिकाणी सगळे पुन्हा एकत्र भेटतात, आणि गप्पा, ओळखी, चौकशी यांसाठी हीच भेट खरी महत्त्वाची होती.

प्रत्येक तुकडी आठ ते दहा जणांची ठेवली गेली आणि दोन तुकड्यांमध्ये काही मिनिटांचे अंतर राखले गेले. प्रत्येक तुकडीत पुढे एक लीड आणि मागे एक स्वीप. लीडने मार्ग आणि वेग सांभाळायचा. स्वीपने सर्वांत शेवटी राहायचे, पंप, सुटी ट्यूब व टायर काढायची अवजारे बाळगायची, आणि कोणत्याही कारणाने कोणालाही मागे सोडून पुढे जायचे नाही. घरी परतायचे असेल त्याने स्वीपला सांगूनच वळायचे, हा नियम छोटा दिसतो, पण पहिल्या घटनेत नेमके हेच झाले नव्हते. निघताना आणि विसाव्याला मोजणी सुरू झाली. निघतानाच्या कागदावर प्रत्येकाच्या घरचा एक संपर्क क्रमांक असे आणि फेरी संपल्यावर तो कागद फाडून टाकला जाई.

फाट्यांसाठी एक साधी युक्ती वापरली गेली. लीडच्या लगेच मागे असलेला स्वार वळणावर बाजूला थांबतो, सर्वांना दिशा दाखवतो आणि स्वीप दिसेपर्यंत जागचा हलत नाही. मग स्वीपच्या पुढे राहून तो रांगेत मिसळतो. पुढच्या वळणावर लीडच्या मागे आलेला नवा स्वार थांबतो. यामुळे मार्ग माहीत नसलेला माणूसही चुकत नाही, आणि पुढे राहण्याची सवय असलेले स्वार आपोआप मागे येतात व मागच्यांशी त्यांची ओळख होते. हा दुसरा लाभ कोणी योजला नव्हता.

गल्लीच्या बाबतीत गटाने पत्राला पत्राने उत्तर दिले नाही. तीन सदस्य तक्रार करणाऱ्या घरांत प्रत्यक्ष गेले. एका घरात अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध आईची शुश्रूषा चालू होती आणि पहाटेची ती दोन तासांची झोप हीच मुलीची विश्रांती होती. हे कळल्यावर आवाजाबद्दल गटात वाद उरला नाही. जमण्याची जागा मैदानाच्या घरांपासून दूरच्या बाजूला नेली गेली. गल्लीत एकामागोमाग, न बोलता आणि घंटा न वाजवता जायचे ठरले. खड्डा, थांबा, समोरून वाहन, या सूचना हाताने द्यायच्या आणि वर्तमानपत्रवाल्यांना आधी जाऊ द्यायचे. तक्रार आल्यास कोणाशी बोलायचे, तेही त्या घरांना सांगितले गेले. ही जबाबदारी दर काही महिन्यांनी बदलते.

परिणाम

समितीने परवानगी कायम ठेवली. काही आठवड्यांनी त्याच गल्लीतील दोघे-तिघे जवळच्या वळशाला येऊ लागले. स्वार रस्त्यावरचे खड्डे आणि बंद पडलेले दिवे टिपून ठेवतात, विसाव्याच्या वेळी ती यादी एकत्र केली जाते आणि समितीमार्फत पुढे पाठवली जाते. सर्व तक्रारींची दखल घेतली जाते असे नाही, तरी पहाटेच्या अंधारात रस्ता पाहणारे इतके डोळे समितीकडे पूर्वी नव्हते.

सर्वच काही जमून आले असे नाही. वेगवान स्वारांपैकी काही जण बाहेर पडले आणि त्यांनी आठवड्याच्या मधल्या दिवशी आपली स्वतंत्र सरावफेरी सुरू केली. याला फूट म्हणणे मला पटत नाही. शर्यतीची तयारी आणि शेजाऱ्यांची फेरी यांच्या गरजा वेगळ्या आहेत, आणि त्यांतील दोघे आजही सुट्टीच्या दिवशी आनंदाने स्वीप होतात. चेन उतरलेल्या बाई परत आल्या नाहीत. त्यांना निरोप गेला तोपर्यंत बरेच आठवडे उलटून गेले होते.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयबिंदू घटनेच्या दिवशीचाच होता. त्या सकाळी कोणीतरी बाईंच्या घरी जाऊन दिलगिरी व्यक्त केली असती, तर नियम बदलण्यास वेळ लागला तरी विश्वास टिकला असता. गटाने आधी व्यवस्था सुधारली आणि मग माणसाकडे वळण्याचे ठरवले. हा क्रम उलटा हवा होता.

दुसरा बिंदू बैठकीचा. तिथे येणारे सगळे फेरीत टिकलेले होते. गप्पपणे येणे थांबवलेल्यांना कोणी बोलावले नाही, त्यामुळे वेगाच्या तुकड्यांमागचा संकोच आधी कळला नाही आणि एक फसलेला प्रयत्न करावा लागला. गळलेल्या पाच जणांशी बोलणे झाले असते तर तो कदाचित टळला असता.

तिसरी बाब स्वीपची. हे काम नेहमी त्याच दोघा-तिघांकडे जात राहिले, कारण ते नाही म्हणत नाहीत. शेवटी राहणाऱ्याला आपल्या वेगाने चालवण्याचा आनंद मिळत नाही, दुरुस्तीत हात काळे होतात आणि विसाव्याला तो सर्वांत उशिरा पोहोचतो. पाळी लावण्याचा ठराव झाला आहे, पण पंक्चर काढता येत नाही या सबबीवर अनेक जण तो टाळतात. विसाव्याच्या वेळेत दर महिन्याला चाक काढणे, ट्यूब बदलणे आणि चेन बसवणे शिकवावे, असा प्रस्ताव आता पुढे आला आहे. तो सुरुवातीलाच आला असता तर बरे झाले असते, कारण चढावर एकटे पडलेल्या माणसाला चेन चटकन बसवता येणे हेही तुकडीच्या रचनेइतकेच उपयोगाचे आहे.

आणखी एका गोष्टीकडे उशिरा लक्ष गेले. अनेक जण मोबाइलवरील अॅपमध्ये फेरीची नोंद करून ती सर्वांना दिसेल अशी ठेवत. दर आठवड्याला त्याच वेळी त्याच दारातून निघणाऱ्या नोंदीवरून घर कोणते आणि ते केव्हा रिकामे असते, हे कोणालाही कळू शकते. घराभोवतीचा भाग नोंदीतून लपवण्याची सोय अशा बहुतेक अॅपमध्ये असते. ती वापरावी आणि मुलांची छायाचित्रे पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नयेत, एवढे ठरले आहे.

एक प्रश्न अजून खुला आहे. बॅटरीच्या साहाय्याने चालणाऱ्या सायकली घेऊन काही ज्येष्ठ नागरिक येऊ इच्छितात. चढावर त्या सहज पुढे जातात आणि तुकडीचा वेग नकळत वाढवतात, म्हणून काहींचा विरोध आहे. दुसऱ्या बाजूला, ज्यांना जवळचा वळसाही झेपत नव्हता त्यांना या सायकलीमुळे शेजाऱ्यांबरोबर दोन तास घालवता येतील. अशा स्वारांनी लीडच्या पुढे जाऊ नये आणि चढावर रांगेच्या मागच्या भागात राहावे, या अटीवर काही आठवडे प्रयोग करून पाहण्याचे ठरले असून निर्णय त्यानंतर होणार आहे. या वेळी मात्र फेरीला येणे सोडून दिलेल्या सदस्यांनाही बैठकीचे बोलावणे गेले आहे.